मास्ट्रिख्टचं कार्ड

आज मंदार असता तर स्वतःच्या नावाचा कप त्याने खिडकीतून बाहेर फेकला असता.

त्याला जाऊन आज एक वर्ष झालं. आणि आजच, ग्रोनिंगनच्या त्याच हॉलमध्ये, त्याच्या नावाची टूर्नामेंट पार पडली. दारात लसीच्या क्यूआर कोडचं स्कॅनिंग, भिंतीवर त्याचा मोठा फोटो, एक मिनिट मौन. सगळं कसं व्यवस्थित.

सहा टीम होत्या.

आठ असतात.

माहीत नसणाऱ्यांसाठी सांगते. मंदार नाशिकचा. पीएचडीला या डच गावात, ग्रोनिंगनला आला आणि इथलाच झाला. बास्केटबॉल बरा खेळायचा, बडबड उत्तम करायचा. इथे कॉलेजच्या टीम सप्टेंबरात नव्याने जमतात, अर्ध्या पोरांना एकमेकांची नावंही माहीत नसतात. लीग तापायच्या आत सगळ्यांना खेळायला मिळावं म्हणून त्याने ऑक्टोबरातली ही टूर्नामेंट सुरू केली. फक्त आमंत्रितांची. मी स्कोअरशीट सांभाळायचे.

नियम एकच होता. गेल्या वर्षी जी टीम शेवटची आली, तिला पहिलं आमंत्रण.

कारण नाशिकला त्याच्या कॉलेजची टीम अशाच एका टूर्नामेंटमध्ये सगळ्या मॅच हरली होती. पुढच्या वर्षी बोलावणंच आलं नाही. येऊ नका असं कुणी म्हणालं नाही. नुसतं बोलावलं नाही.

"तीन महिने रोज प्रॅक्टिस केली गं आम्ही," तो सांगायचा, "पत्राची वाट बघत."

म्हणून इथे बाकीच्यांना ईमेल जायची, पण शेवटच्या टीमला हाताने लिहिलेलं कार्ड. कोपऱ्यावर कुंकवाचं बोट. आणि ते द्यायला हा स्वतः जायचा, घरोघरी लग्नपत्रिका द्यायला जातात तसा.

मास्ट्रिख्टची टीम दोन वर्षं ओळीने शेवटची आली. म्हणजे देशाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला, ट्रेनने चार तासांहून जास्त. पहिल्या वेळी मी बरोबर होते.

"अरे, मेल टाक की," मी वैतागले होते.

"मामाला लग्नाची पत्रिका मेल करशील का तू?"

तिथला कॅप्टन रूबेन कार्डावरच्या लाल डागाकडे बघत राहिला. हे काय, म्हणाला.

"याचा अर्थ आता यावंच लागतं," मंदारने सांगितलं.

दुसरं कार्ड द्यायचं राहूनच गेलं. कोविड आला, टूर्नामेंट रद्द झाली, आणि ज्या वीकेंडला ती व्हायची त्याच वीकेंडला मंदार आयसीयूत गेला.

अंत्यसंस्काराला आम्ही मोजकीच माणसं होतो, लांब लांब ठेवलेल्या खुर्च्यांवर. काकू, म्हणजे त्याची आई, नाशिकहून लिंकवर बघत होत्या. लिंक दोनदा अडकली. नंतर फोनवर त्यांनी मला एवढंच विचारलं, "त्याच्या अंगावर काय घातलं होतं गं?"

जर्सी, मी म्हटलं.

आता राग कुणावर, ते ऐका.

टूर्नामेंट भरवणाऱ्या आमच्या क्लबचं यंदाचं बोर्ड वीस-एकवीस वर्षांच्या पोरांचं. त्यांनी मंदारला पाहिलेलंही नाही. ऑगस्टमध्ये ऑनलाइन मीटिंग झाली. कोरोनामुळे हॉलमध्ये सहाच टीम घेऊ, मागच्या रँकिंगमधल्या शेवटच्या दोन वगळू, असं ठरत होतं. चेअरमन मुलीने विचारलं, कुणाची हरकत?

माझ्या एका कानात ऑफिसचा कॉल होता. ऐकलंच नाही, असं म्हणता आलं असतं.

ऐकलं होतं.

वाटलं, पोरं एवढी धडपड करतायत, उगाच आपण कशाला वाईटपणा घ्या. जिथे लोक तोंडावर सांगतात की तुझी भाजी खारट झाली, त्या देशात मी म्यूटवर बसून राहिले. मंदारचा नियम माहीत असलेली त्या मीटिंगमधली एकटी मी.

काल रूबेनचा मेसेज आला. सोबत फोटो. त्यांच्या नोटीस बोर्डावर ते जुनं कार्ड अजून आहे, कुंकू फिकट झालंय.

"मंदारनंतर कार्ड कोण लिहितं माहीत नाही, म्हणून तुला विचारतोय. आमचं पोस्टात हरवलं का? आम्ही जूनपासून प्रॅक्टिस करतोय."

मेसेज मी उघडला. उत्तर दिलेलं नाही.

आज शेवटी कप द्यायला मला बोलावलं. मी कप उचललाच नाही. माइक घेतला आणि सगळं सांगितलं. नाशिकची न आलेली चिठ्ठी, कार्ड, माझं गप्प बसणं. म्हटलं, हरलेल्यांना गाळून त्याच्या नावाचा कप द्यायचा असेल तर आधी भिंतीवरचा त्याचा फोटो उतरवा.

चेअरमन लालबुंद झाली. "हे तू तेव्हा सांगायला हवं होतंस," ती म्हणाली.

बरोबर बोलली. त्याचाच जास्त राग आला.

पुढच्या वर्षी आठ टीम, आणि पहिलं कार्ड मास्ट्रिख्टला, मी म्हटलं. कुणाची हरकत? जिंकलेल्या टीमच्या कॅप्टनने टेबलावरून कप स्वतःच उचलला आणि जाताना मला सॉरी म्हणाला. त्या बिचाऱ्याचा काय दोष.

स्कोअरशीटच्या खोक्यात काकूंनी दिलेली कुंकवाची डबी अजून होती. घरी येऊन कार्ड लिहिलं. अक्षर त्याच्यासारखं नाही आलं. बोट लाल झालंय, ते धुतलेलं नाही.

उद्या सकाळच्या गाडीने निघतेय. रूबेनला सांगायचंय की पोस्टात काही हरवलं नव्हतं.

मंदार, आज तुला श्रद्धांजली वाहायला मला तोंड नाही. मास्ट्रिख्टला जाऊन येते, मग वाहीन.