इतिहास नको, नंबर सांगा

बत्तीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण आजही आठवलं की चिडचिड होते ती एका गाडीच्या चोरीने. त्या प्रकरणात विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर देणारा एकही माणूस मला भेटला नाही. मी बेंगळुरूचाच. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, हे आमच्याकडे कित्येक पिढ्यांपासून चालत आलेलं. त्या वेळी मी शहराच्या दक्षिणेकडच्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो.

सोमवारची हजेरी नुकतीच आटोपली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ मुलीचा हात धरून आत आले. जयनगरात राहणारे, आमच्यासारखेच जुने मराठी. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, मीही इथे तेच म्हणतो. आदल्या दिवशी घरची मंडळी बारशाला गेलेली असताना त्यांची गाडी शेडमधून चोरीला गेली होती. गाडी साठच्या दशकातली, अमेरिकन. तिचं नाव सांगत नाही. शौकीन मंडळी माझा पत्ता शोधत येतील आणि तो ताप आता या वयात नको.

"कधी घेतलीत?" मी विचारलं.

अण्णा खुर्चीत सरसावून बसले. "त्याचं असं आहे बघा साहेब. त्या काळी अमेरिकेत पेट्रोल म्हणजे पाणी. मधल्या आकाराच्या गाडीत हे एवढं आठ सिलिंडरचं इंजिन बसवायचे, तिलाच मसल कार म्हणायचे. मग पेट्रोल महागलं, धुराचे कायदे आले, खेळ संपला की हो. ही गाडी इथं एक अमेरिकन इंजिनियर घेऊन आला. परत जाताना आमच्या वडिलांना विकून गेला. पण तिचं मूळचं इंजिन..."

बाहेर दोन रिक्षावाले एकमेकांच्या उरावर बसले होते आणि वायरलेसवर बंदोबस्ताचे निरोप येत होते. मी हात वर केला. "अण्णा, इतिहास नको. नंबर सांगा."

त्यांनी गाडीची आरसी, म्हणजे नोंदणीचं कार्ड, पुढे केलं. मी तिच्यावरचा चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर उतरवून घेतला, जबाब पाऊण पानात संपवला. ठाण्यात माझी ख्यातीच होती, साहेबांचे जबाब आटोपशीर असतात म्हणून.

निघताना मुलगी म्हणाली, "सर, स्वल्प लवकर बघा. ह्यांना काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवण्यापुरतं आणखी सहा-आठ महिने दिसेल. बावीस वर्षं खोलून जोडून गेल्या महिन्यात गाडी पुरी झाली. एकदा स्वतः चालवत नंदी डोंगराच्या पायथ्यापर्यंत जायचं, एवढं एकच मागणं आहे त्यांचं."

"सरी अक्का, बघतो," मी म्हणालो. सरी म्हणजे कन्नडमध्ये बरं. अशी मागणी प्रत्येक तक्रारदाराची असते असं मला वाटलं.

तपास सुरू झाला आणि डोकं फिरायला लागलं. गाडीचा आवाज असा की शेजारी दर रविवारी खिडक्या लावून घ्यायचे. समोरचे एक गृहस्थ आवाजाची तक्रार घेऊन तीनदा ठाण्यात येऊन गेलेले. त्यांना विचारलं, काही ऐकलंत का?

"ऐकायचं काय? भर दुपारी टोइंगचा ट्रक आला होता."

"मग अडवलं नाहीत?"

"अडवू कशाला? जाते आहे म्हटल्यावर मी ढकलायला हात लावला."

ट्रकचा नंबर मात्र त्यांनी पाहिला नव्हता. गॅरेजवाल्यांकडे गेलो तर ते चहा मागवून त्या गाडीचं मोठेपण सांगू लागायचे. कुठल्या वर्षी दिवे गोल होते, कुठल्या वर्षी चौकोनी झाले. मी चोर शोधत होतो आणि हे लोक मला कीर्तन ऐकवत होते.

आठव्या दिवशी येलहंकाकडच्या एका सहकाऱ्याचा दुसऱ्याच कामासाठी फोन आला. बोलता बोलता तो वैतागून म्हणाला, "इथं एक म्हैसवाला रोज येऊन बसतो. शेजारच्या शेडमध्ये म्हणे रोज दुपारी चार वाजता कुणीतरी राक्षस जागा करतं आणि म्हशी पान्हा चोरतात. सांगा, यावर कलम कुठलं लावू?"

मी जीप काढली. पंच घेऊन शेड उघडलं तेव्हा गाडी समोर होती, नंबरप्लेट काढलेली, आणि तिच्या बॉनेटवर मऊ फडकं फिरवत एक माणूस उभा होता. पस्तिशीचा, मूळ पुण्याचा, मारतहळ्ळीला राहून आयटीत नोकरी करणारा. ब्लॉगवर गाडीचा इतिहास लिहायचा म्हणून तो दोन वर्षं अण्णांकडे येत होता, हे मागाहून कळलं.

ठाण्यात आणल्यावर तो म्हणाला, "सर, ही वेगळी कार आहे. मी हैदराबादहून घेतली. तुम्ही नंबर चेक करा ना."

केला. चॅसिसवरचा नंबर कुणीतरी घासून टाकला होता. इंजिनवरचा नंबर स्पष्ट होता, पण तो अण्णांच्या आरसीशी जुळत नव्हता. पुणेकर खुर्चीत ऐसपैस बसला आणि मला त्या कारखान्याची वंशावळ सांगू लागला. दोन तास ऐकली. गुन्हेगार बोलायचं थांबत नाही आणि कामाचं एक अक्षर सांगत नाही, असं माझ्या नोकरीत पहिल्यांदाच घडत होतं.

शेवटी मी हवालदाराला मोठ्याने सांगितलं, "गाडी त्या अण्णांची नसेल तर जाऊ दे. नाहीतरी सहा सिलिंडरचं डबडं आहे, भंगारात काढा."

पुणेकर ताडकन उठला. "सहा? आठ आहेत सर! आणि डबडं काय म्हणता? तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन अण्णांनी स्वतः बसवला, मी हाताने धरला होता!"

आपण काय बोलून बसलो ते त्याच्या लक्षात आलं. मग त्याचा सूर बदलला. "सर, त्यांना दिसत नाही हो. ते रस्त्यावर काढतील आणि ठोकतील. मी किती वेळा मागितली, दिली नाही. मी ती विकणार नव्हतो. आय वॉज सेव्हिंग इट."

नवव्या दिवशी गुन्हा उघड. वरिष्ठांनी पाठ थोपटली. पण पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, आणि इंजिनचा नंबर जुळत नव्हता. अण्णांनी गाडी ताब्यात मिळावी म्हणून अर्ज केला, कोर्टाने आमचं म्हणणं मागवलं, आणि मी नियमाप्रमाणे आक्षेप लिहून दिला. ओळख पटेपर्यंत मुद्देमाल सोडू नये.

अण्णा धापा टाकत आले. "साहेब, मूळचं इंजिन सत्तरच्या सुमारास फुटलं. मद्रासहून तशाच गाडीचं आणून बसवलं. जुन्या आरसी पुस्तकात आरटीओची नोंद आहे बघा. नवीन कार्ड करताना त्यांनी जुनाच नंबर टाकला."

"मग हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?" मी खेकसलो.

"तुम्ही सांगू दिलं नाहीत."

 फिर्यादीत ही हकीकत असती तर आक्षेप घ्यायचं कारणच उरलं नसतं. आता मागाहून सांगितलेली गोष्ट म्हणून आरोपीचा वकील तिच्यावर तुटून पडला. आरटीओचं जुनं रजिस्टर सापडेना. घासलेल्या चॅसिस नंबरावरचा प्रयोगशाळेचा अहवाल येईना. मी स्मरणपत्रांवर स्मरणपत्रं पाठवली, स्वतः खेटे घातले, कारकुनांवर ओरडलो. खरा राग कुणावर होता ते मला कळत होतं.

गाडी ठाण्याच्या आवारात जप्तीच्या स्कूटरांमध्ये उभी राहिली. मी ताडपत्री टाकली, ती फाटली. उंदरांनी वायरी खाल्ल्या. टायर बसले. अकरा महिन्यांनी ताबा देण्याचा आदेश आला.

मुलगी अण्णांना हाताला धरून घेऊन आली. या वेळी पायरीवर त्यांचा पाय अडखळला तेव्हाच मी ओळखलं. त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला, बोटांना रंगाचे पोपडे लागले. चाचपडत ड्रायव्हरच्या जागेवर बसले आणि दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले.

"समोर काय आहे, साहेब?"

समोर आवाराची भिंत होती. मला खोटं बोलता आलं नाही. "भिंत आहे, अण्णा."

"सरी," ते म्हणाले, आणि त्यांनी स्टीअरिंग हळूच डावीकडे वळवलं.

नव्या अधिकाऱ्यांपुढे बोलायला बोलावतात तेव्हा मी हेच प्रकरण सांगतो. तक्रारदार भरकटला असं वाटलं तरी लिहीत राहा. काय कामाचं आणि काय फापटपसारा, हे पहिल्या दिवशी आपल्याला कळत नसतं. मला कळतं असं मी पंचवीस वर्षं समजत होतो. त्या पोरांना ही गोष्ट लांबड वाटते, ती घड्याळ बघतात, आणि मला पुन्हा संताप येतो.

पावतीवर सही करायला अण्णांचा हात मुलीने जागेवर नेऊन ठेवला. सही झाल्यावर त्यांनी मी जिथे नव्हतो त्या दिशेला हात जोडले आणि म्हणाले, "तुम्ही होतात म्हणून गाडी मिळाली, साहेब." त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या, तर मी त्या केव्हाच विसरून गेलो असतो.