यादीत न लिहिलेली मूठ

कॅमेऱ्याचे वजन फिल्मसकट सातशे चाळीस ग्रॅम होते. वाण्याच्या तराजूवर मी ते दोनदा करून पाहिले होते. मालवणात बोटीवर काम करणाऱ्या एका गृहस्थाकडून मी तो जुना घेतला, तेव्हाच तो पंचवीस वर्षांचा होता. रेंजफाइंडर जातीचा. खिडकीतून पाहिले की समोरच्या माणसाच्या दोन प्रतिमा दिसत. भिंगाभोवतीची कडी फिरवून त्या एकमेकींवर आणायच्या. एक झाल्या की अंतर बरोबर. मी मोजणीच्या कचेरीत नोकरीला, त्यामुळे ही रीत मला पहिल्याच दिवशी पटली.

अडचण धरण्याची होती. कॅमेऱ्याला पुढून कुठेच उंचवटा नव्हता, सगळा गुळगुळीत धातू. शिवाय माझ्या उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी सायकलवरून पडल्यापासून पुरती मिटत नाहीत. अंगठा मागे, तर्जनी बटणावर, म्हणजे सातशे चाळीस ग्रॅम एकट्या मधल्या बोटावर. उन्हात शटर झटकन मिटते, तेव्हा निभावून जायचे. सावलीत बटण दाबले की कॅमेरा हलायचाच.

हे पहिल्यांदा महाग पडले ते गावपळणीत. आमच्या गावात दर तीन वर्षांनी मार्गशीर्षात देवाचा कौल घेऊन सगळा गाव तीन दिवस घरे सोडतो. माणसे, गुरे, कोंबड्या, कुत्री, सगळी वेशीबाहेर. गावात कोणी राहायचे नाही आणि कोणी परत पाऊल टाकायचे नाही. वेशीवरच्या व्हाळापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे, काजूच्या बागेत आम्ही राहुट्या घालतो. तिथे त्या वर्षी मी माझ्या आत्याचा फोटो काढला. तो हलला. चेहऱ्याशेजारी तसाच दुसरा चेहरा उमटला.

आत्या लहानपणीच विधवा होऊन माहेरी परत आलेली. आम्हा चार भावंडांना तिनेच वाढवले. तिने तो फोटो हातभर लांब धरून पाहिला.

"माका दोन तोंडां आसत, ह्या गावाक आदीच म्हायत होता," ती म्हणाली. "आता फोटोत पण इली."

सगळे हसले, तीही हसली. पण दुसऱ्या दिवशी मला एकट्याला गाठून तिने सरळ सांगितले, "माज्या मागसून भिंतीर लावूक एक फोटो होयो. असो नको. नायतर लोक इचारतले, ही दोघां खंयची?"

तिचा दुसरा एकही फोटो घरात नव्हता. एसटीत बसली की तिला ओकाऱ्या होत, म्हणून कणकवलीच्या स्टुडिओत नेता येत नव्हते. परक्या माणसासमोर ती बसणार नव्हती. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उन्हात तिच्या डोळ्यांना पाणी यायचे, म्हणजे फोटो सावलीतच. आणि घरी ती बसायचीच नाही. मी कॅमेरा काढला की म्हणायची, "गावपळणीक काढ. थंय माका काय काम नसता."

म्हणजे पुन्हा तीन वर्षे. तेव्हा ती एकाहत्तर वर्षांची होती.

मी ठरवले की कॅमेऱ्याला मूठ करायची. आधी सायकलच्या हँडलचे रबर कापून चिकटवले; ते आठवड्यात सुटले. मग पूर्ण मापांचा नकाशा काढला, तीन बाजूंनी, मिलिमीटरमध्ये, आणि कचेरीच्या कामाने सावंतवाडीला गेलो तेव्हा लाकडी फळे करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराला दाखवला. त्याने कागद उलटा धरला, मग सुलटा केला.

"सायबानू, ह्या माप क्यामेऱ्याचा. तुमचो हात खंय आसा ह्या कागदार?"

"हाताचं माप कसं देणार?"

"आमी आंबो करतंव तो आंबो फुड्यात ठेवन. आंब्याचा चित्र ठेवन नाय. माका तुमची मूठ आणून द्या."

गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, त्या दिवसांत माती मळलेली होतीच. मी एक गोळा मागून आणला, कॅमेरा प्लास्टिकमध्ये गुंडाळला, उजव्या बाजूला माती थापली आणि फोटो काढताना धरतो तसे धरून साठ आकडे मोजेपर्यंत उभा राहिलो. न मिटणाऱ्या दोन बोटांनीही आपापली खोबण केली. गोळा ओला असताना ब्याण्णव मिलिमीटर लांब होता, पाचव्या दिवशी वाळून शहाऐंशी. मी त्यावर पेन्सिलीने "मूळ ९२" असे लिहून तो कारागिराकडे दिला. तो आकडा वाचून म्हणाला, "ह्या तुमी लिवलास ता बरा केलास." माझ्या कागदाचे त्याने एवढेच कौतुक केले.

मूठ फणसाच्या लाकडाची झाली. खाली पितळेची पट्टी आणि स्क्रू, तो कॅमेऱ्याच्या बुडाच्या भोकात बसायचा. सगळे मिळून एकशे पंधरा ग्रॅम. वजन वाढले, तरी हाताला ते कमी वाटू लागले. तुळशीचे आठ फोटो सावलीत, एक तीसांश सेकंदावर काढून पाहिले. सात स्वच्छ आले. आत्याला ते सात दाखवले. "तुळस हालत नाय," ती म्हणाली. "माजो काढ, मगे बोल."

पुढच्या गावपळणीचा कौल झाला. न्यायच्या वस्तूंची यादी नेहमी मी करतो. त्या वर्षी एकेचाळीस वस्तू होत्या. तांदूळ, कंदील, कोयता, आत्याचा पाट, थेंबांची बाटली, फूटपट्टी. निघताना प्रत्येकीपुढे खूण केली. देवळातला ढोल वाजला तसे कुलूप लावून निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या जेवणाचे आटपून काजूखाली पाटावर बसली. हिरवे लुगडे नेसली होती. मी पिशवी उघडली. कॅमेरा होता. मूठ नव्हती. निघण्याच्या आदल्या दिवशी तिला पॉलिशचा शेवटचा हात देऊन कपाटावर वाळत ठेवली होती, ती तिथेच राहिली. यादीत "कॅमेरा" होता आणि त्यापुढे खूणही होती. मूठ मी कॅमेऱ्यातच धरली होती.

बायकोने यादी माझ्या हातातून घेऊन वरपासून खालपर्यंत वाचली. "माजा नाव दिसना नाय हेच्यात," ती म्हणाली. "नशीब, माका तरी इसारलात नाय."

वेशीपासून आमचे घर अकराशे पन्नास पावले. जाऊन येऊन कुलूप उघडण्यासकट पंचवीस मिनिटे. वाटेत कोणी भेटणे शक्यच नव्हते, कारण गावात कोणीच नव्हते. मी तांब्या उचलला आणि व्हाळाच्या दिशेने निघालो.

"खंय चललस रे?" मागून आत्याचा आवाज आला.

"पाणी आणूक."

"पाणी हयसर आसा. थंय गाव आसा."

मी परत फिरून तिच्याजवळ गेलो आणि खरे ते सांगितले. "आते, पंचवीस मिनटाचा काम आसा. कोण बघता?"

"मी बघतंय."

"तुजोच फोटो हलतलो. परत तीन वर्सां."

"हललो तर हललो," ती म्हणाली. "तीन वर्सांनी तीन दिस गाव एकटो रवता. तेवडे तरी तेका रवांदे."

मी तिच्याशेजारी जमिनीवर बसलो. ती चौऱ्याहत्तर वर्षांची झाली होती. पुढल्या वेळी सत्त्याहत्तर. हा हिशेब तिने केला नसेल असे नाही, पण ती तो बोलली नाही. मी मात्र मूठ धरल्यासारखा हात करून कॅमेऱ्यावर कुठे काय लावता येईल ते बघत होतो. राहुटीपुढे सकाळी सोललेल्या नारळांची सोडणे पडली होती. एक उचलून हातात धरले. बाहेरची बाजू गोल, आतली पोकळ. कोयत्याने त्याचा टवका काढला, पुन्हा धरला, पुन्हा काढला. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला उजवीकडे जेमतेम पस्तीस मिलिमीटर जागा मोकळी होती. त्यापलीकडे रेंजफाइंडरची खिडकी, ती झाकून चालणार नव्हते. फूटपट्टी यादीत होती आणि बरोबर आली होती.

बांधायला सुंभ घेतले. पण गाठ आवळताना माझी तीच दोन बोटे नडली. तीनदा बांधले, तीनदा सोडण सरकले.

"हाड हकडे," आत्या हात पुढे करून म्हणाली. ती वर्षाला दहा-बारा खराटे बांधायची. तिने कॅमेरा मांडीत घेतला, काचेला हात न लावता, मी सांगितले नसतानाही. एक वेढा, दुसरा, मग दातात टोक धरून गाठ. "धर बघू."

मी धरले. हलवून पाहिले. सोडण जागचे हलले नाही. काथ्या तळहाताला टोचत होता, त्यामुळे घाम आला तरी हात सरकत नव्हता.

"आता मापां घेत बसा नको. ऊन हकडे येता."

मी पाच फुटांवर बसलो. खिडकीत तिचे दोन चेहरे दिसले. कडी फिरवली, ते एक झाले.

"आते, हालू नको."

"मी खंय हालतंय? हालतलस तू."

एक तीसांश सेकंदावर चार फोटो काढले. प्रत्येक वेळी श्वास धरला. चौथ्याला ती म्हणाली, "किती रे काढतस? भिंत एकच आसा."

तिसऱ्या दिवशी कौल झाला आणि आम्ही परत आलो. मूठ कपाटावर होती, पॉलिश चांगले वाळले होते. फिल्म धुऊन यायला अकरा दिवस लागले. चारांपैकी तीन फोटो स्वच्छ होते. दुसऱ्यात कपाळावरचे गोंदणसुद्धा दिसत होते. आत्याने तो हातभर लांब धरला, मग जवळ घेतला, मग पुन्हा लांब.

"एकच तोंड आसा," ती म्हणाली, आणि फोटो मोठा करून आणायला सांगितला.

मोठा केलेला फोटो तिने लुगड्यात गुंडाळून आपल्या ट्रंकेत ठेवला. भिंतीवर आत्ता लावायचा नाही, हे तिनेच ठरवले. पावसाळा संपला की ती ट्रंकेतले कपडे उन्हात घालते, तेव्हा तो बाहेर येतो आणि संध्याकाळी आत जातो.

लाकडी मूठ तेव्हापासून कॅमेऱ्यालाच आहे. सोडण मी टेबलाच्या खणात ठेवले आहे. त्याचा भुसा पडतो म्हणून बायको दर दिवाळीला ते टाकायला काढते आणि मी परत ठेवतो. पुढच्या गावपळणीच्या यादीत बेचाळीस वस्तू होत्या. मूठ वेगळी लिहिली होती, तिच्यापुढे खूण होती आणि ती बरोबर आली होती. दुसऱ्या दिवशी काजूखाली आत्या तशीच पाटावर बसली होती, सत्त्याहत्तर वर्षांची. मी कॅमेरा काढला.

"ह्या खेपेक माजो नको," ती म्हणाली. "माजो आसा. तुज्या बायलेचो काढ."