काष्टीवाला उपाशी

बॅक्टेरियाच्या लॅबमध्ये किस्से फार साचतात, कारण तिथलं निम्मं काम म्हणजे वाट पाहणं. प्लेट इन्क्युबेटरमध्ये ठेवली की माणसं चहा घेतात आणि एकमेकांच्या गोष्टी काढत बसतात.

आमची लॅब राहुरीजवळच्या एका कॉलेजात. मी, माझी बायको सुनंदा, रूथ मॅडम आणि लॅब सांभाळणारे दिनकरमामा. मातीतले बॅक्टेरिया हा सुनंदाचा विषय. ज्या गावची माती, त्या गावचं नाव, ही आमची पद्धत. फ्रीजमध्ये एक 'नागापूरवाला' होता. तिचा लाडका मात्र 'काष्टीवाला', माहेरच्या गोठ्यामागच्या मातीतला.

*

एकदा एसटीतून तिनं मला फोन केला. "काष्टीवाल्याला कालपासून उपाशी ठेवलंय. बघू, किती तग धरतो!"

शेजारच्या सीटवरच्या आजी उसळल्या. "का गं, आमच्या गावचा मानूस हाय त्यो! तुझ्या घरी चूल न्हाई व्हय?"

सुनंदानं परोपरीनं समजावलं. आजींना काही पटलं नाही. उतरताना त्यांनी पिशवीतून दोन भाकरी काढून तिच्या मांडीवर ठेवल्या. "त्याला दे!"

*

उपाशी ठेवणं हाच तर प्रयोग होता. अन्न आहे तोवर हे बॅक्टेरिया आपापले खातात, वाढतात. अन्न संपल्याची चाहूल लागली की काही जनुकं बंद होतात, काही सुरू होतात, एकमेकांना रासायनिक निरोप जातात. मग हजारो जण सरकत एकत्र येतात आणि त्यांचा इवलासा ढीग होतो. त्यातले बरेच मरतात. उरलेले कडक कवचाचे बीजाणू होऊन झोपी जातात, पुन्हा खायला मिळेपर्यंत.

एका सोमवारी पाहतो तर ढीग नाहीच! सगळे मजेत वाढलेले.

मामा पुढे आले. "म्याच घातलं जरा खायाला. सुट्टीत हितं कुनी न्हाई, लेकरं नुसत्या पान्यावर. बघवंना, सर."

मी चिडलो. सुनंदा मात्र हसली. "मामा, पोट भरलेलं असलं की यांना एकमेकांची आठवणच येत नाही हो!"

"मंग मानसांसारकंच हाय की!" मामा म्हणाले.

*

सुनंदा गेली त्याला आता वर्ष होईल. नंतर मी लॅबमध्ये जायचो आणि नुसता बसायचो. रूथ मॅडम रोज माझ्यापुढे डबा उघडायच्या.

"भूक नाही, मॅडम."

"विचारलंय कुणी? झाकण धरा!"

*

तिच्या आजारपणात लाइट वरचेवर जायची, फ्रीज बंद पडायचा. काष्टीवाल्याच्या सगळ्या प्लेटा बुरशीनं खाल्ल्या. उरली तिच्या हातची एक नळी. तळाशी चिमूटभर कोरडी माती, त्यात झोपलेले बीजाणू. मी ती उघडत नव्हतो. ते जागे झालेच नाहीत तर? नळी बंद होती तोवर ते निदान मेलेले नव्हते.

काष्टीहून सासूबाईंचा फोन आला. "जावईबापू, तिचं काय ऱ्हायलंय का तिथं?"

मी नळीचं सांगितलं.

"मंग झाकून कशाला ठिवलीय? माज्या गोठ्यामागची माती हाय ती. उघडा!"

*

उघडली. प्लेटमध्ये भरपूर खायला घातलं, वर माती भुरभुरली. बरेच दिवस प्लेट कोरी. मी बघायचं सोडून दिलं. मामा इन्क्युबेटरचं दारसुद्धा आवाज न करता लावायचे.

एका सकाळी मातीच्या कणाभोवती पिवळसर कड दिसली. रूथ मॅडमनी चष्मा पुसला. "आईंना फोन करा," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. पदर सावरत मायक्रोस्कोपवर वाकल्या.

"कुठंय?"

"ती कड बघा, आई. फार सावकाश सरकतात."

त्या बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. पुढच्या तासाची मुलं दारात आली, त्यांना रूथ मॅडमनी हातानंच थांबवलं.

मग सासूबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "झाली का गं झोप?"