माझ्या अडतीवर चहा कोणी घेत नाही

यशवंता गेला तो माझ्या दुकानात, माझ्यासमोर, चहाचा कप रिकामा करून. रिसोडच्या मार्केट यार्डात माझी अडत आहे. सकाळची हर्रास, म्हणजे मालाची बोली, अजून सुरू व्हायची होती. तो नेहमीसारखा बाकड्यावर बसला, चहा संपवला आणि म्हणाला, "भास्कऱ्या, छातीत कसंतरी होऊन राह्यलं..." भिंतीला टेकला तो पुन्हा उठलाच नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, हृदय बंद पडलं. आधी एक झटका येऊन गेला होता, तो घरच्यांना माहीत होता आणि मलाही. गोष्ट एवढीच आहे. ती एवढीच आहे, हे मला अजून कोणाला पटवता आलेलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

आम्ही दोघं एकाच विहाराच्या अंगणात वाढलो. तो पाटबंधारे खात्यात कारकून झाला, मी पोती उचलत उचलत अडत्या झालो. निवृत्तीनंतर त्याने कादंबरी लिहिली, 'तिसरा जिना'. मंत्रालयात एक जिना आहे, तो कुठल्याच नकाशात नाही. त्या जिन्याने वर जाणारे लोक सरकारं पाडतात, माणसं नाहीशी करतात, आणि वाशिम जिल्ह्यातला एक साधा कारकून त्यांचा माग काढत निघतो. प्रकाशकांनी उत्तरंसुद्धा दिली नाहीत, तेव्हा तो स्वतःच छापायला निघाला. अकोल्याच्या छापखान्यात मी सोबत गेलो. तो प्रत्येक आकड्याला मान डोलवत होता. मी कागद बोटांत चुरगाळून पाहिला, दोनदा उठून दारापर्यंत गेलो आणि भाव खाली आणला. पुस्तक निघालं ते माझ्या भांडणामुळे. आणि त्याच पुस्तकात, रिसोडचा एक तापट अडत्या आपल्या बालमित्राला, म्हणजे त्या कारकुनाला, दुकानात बसवून चहातून विष देतो!

मी पुस्तक घेऊन त्याच्या घरी गेलो. "अख्ख्या जिल्ह्यात तुले दुसरा धंदा नाही सापडला?"

"अबे, तो तू नाहीस. कायले अंगावर घेतं?"

"मंग तसं लिहून दे. पुढच्या वेळी पहिल्याच पानावर छाप."

"छापलं त लोक म्हनतीन, नक्की भास्कऱ्याच हाये." आणि पोट धरून हसला.

त्याचं म्हणणं बरोबर होतं. तरी त्याने लिहायला हवं होतं. तो राग माझा अजून गेलेला नाही, आणि आता भांडायला तो नाही...

पुस्तक चाललं ते हातातून हातात. एका एसटी ड्रायव्हरने धनजला नेलं, मंगरूळपीरच्या कचेऱ्यांत एक प्रत पानं सुटेपर्यंत फिरली. एवढं काय आहे त्यात, मला कळेना. मग माझ्याच बाकड्यावर बसलेल्यांचं बोलणं ऐकून कळलं. कोणाची बदली झाली होती, कोणाचं अनुदान अडलं होतं, कोणाच्या गावचा रस्ता कागदावरच संपला होता. का, हे त्यांना कोणी कधी सांगितलं नव्हतं. यशवंताने सांगितलं. कोणाच्या आळसाने आपलं वाटोळं झालं, यापेक्षा कोणीतरी वर बसून ठरवून केलं, हे माणसाला बरं वाटतं. निदान आपण कोणाच्या ध्यानात तरी आहोत.

लोक त्याला रस्त्यात गाठून विचारत, "सर, जिना नेमका कोन्या मजल्यावर?" तो म्हणे, "अहो, मी मंत्रालय बाहेरूनही पाह्यलं नाही." ते एकमेकांकडे बघून हळूच मान हलवत. "तुमी थोडी सांगसान!" सुरुवातीला यावर आम्ही खूप हसलो. पुढे तो हसेनासा झाला. घरी जाताना मागे वळून पाहू लागला. एकदा मला म्हणाला, "इतके लोक म्हनून राह्यले त... असंन का बे खरंच?"

तो गेल्यावर विहारात शोकसभा झाली. मी बोललो नाही, कारण पुस्तकातला अडत्या शोकसभेत रडतो. लोक म्हणाले, पाहा, बोलला नाही. मी डॉक्टरांचा हवाला दिला, तर म्हणाले, पुस्तकातही डॉक्टर हेच सांगतो. उघडून पाहिलं. खरंच सांगतो.

तेव्हापासून माझ्याकडे चहा आला की, "नको शेठ, आत्ताच झाला." माल मात्र पूर्वीपेक्षा जास्त येतो. भावावरून कोणी वाद घालत नाही. मी मुद्दाम चढ्या आवाजात बोललो तरी समोरचा हात जोडतो. परवा एकजण माल मोजून झाल्यावर घुटमळत राहिला, मग हळूच म्हणाला, "शेठ, पोराच्या बदलीसाठी तेवढा वर शब्द टाका ना." मी त्याला हाकललं. जाताना तो माझ्या पाया पडला.

गेल्या आठवड्यात यशवंताची बायको, कुसुमवहिनी, यार्डात आल्या. हर्रास भरात होती. सगळ्यांसमोर बाकड्यावर बसून त्यांनी मोठ्याने सांगितलं, "जयभीम भाऊजी. मले चहा पाजा."

हर्रास थांबली. वहिनींनी सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत चहा घेतला. माझे डोळे भरून आले. वाटलं, सुटलो. आता या बाईपुढे कोण काय बोलणार?

कप ठेवून वहिनी माझ्याकडे झुकल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "माह्या मनात तुमच्यासाठी काही नाही. फक्त सांगा, तुमाले हे कोनं करायले लावलं?"

मी म्हणालो, "वहिनी, हृदय बंद पडलं. पहिला झटका तुमच्यासमोरच आला होता ना?"

समोरचं गिऱ्हाईक कोणत्या भावावर येऊन थांबेल, हे मी आयुष्यभर त्याच्या चेहऱ्यावरून ओळखत आलो. वहिनींच्या चेहऱ्यावर थांबायची जागाच नव्हती. त्यांनी माझा हात थोपटला.

"भेऊ नका भाऊजी," त्या म्हणाल्या. "मी कोनाजवळ बोलनार नाही."