धाकटीच्या काउंटरची रांग

दादाने बोर्ड आधीच रंगवून घेतला होता. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, ‘धाकटीची कॉफी’, आणि खाली वाफ सोडणारा कप. पंप दुरुस्तीच्या त्याच्या दुकानाला लागून एक रिकामा गाळा होता, तोही झाडूनपुसून, रंग मारून तयार. आता फक्त धाकटीला घरी आणायचं राहिलं होतं, आणि धाकटी होती समुद्रात.

बोटीवर होती ती. बोट म्हणजे नदी ओलांडायची बोट समजू नका. ही बोट धक्क्याला लागली की मागचं आकाश दिसत नाही. गल्लीत ज्याने ज्याने दादाकडे पंप टाकला, त्या प्रत्येकाला हे ऐकावंच लागलंय. मोटार उघडून टेबलावर ठेवली की दादा पाना हातात धरून सुरू व्हायचा, आणि उघडा पंप सोडून गिऱ्हाईक जाणार कुठे? “आमची धाकटी बोटीवर कॉफीची सगळ्यात मोठी आहे,” असं दादा सांगायचा. बोटीवर कॉफीचे काउंटर बरेच होते आणि त्यातला एक तिचा होता, एवढंच. पण असल्या बारीक गोष्टीत दादा कधी शिरत नाही.

आईवडील लवकर गेले, त्यामुळे धाकटी वाढली ती दुकानातच. शाळेतून आली की दप्तर तांब्याच्या तारेच्या रिळांवर फेकायची आणि चालू पंपावर तळहात ठेवून उभी राहायची. म्हणायची, “दादा, हा आतून कण्हतोय.” दादा खोलून बघायचा तर बेअरिंग गेलेलं. सुरुवातीला तो हसण्यावारी न्यायचा. मग पंप खोलायच्या आधी तोच हाक मारायला लागला, “ए धाकटे, हात लाव जरा.” हे हाताने ऐकायचं तिला दादानेच शिकवलं. ज्याला शंका असेल त्याने दुकानात येऊन विचारावं.

मोठी झाल्यावर ती एका कचेरीच्या कँटीनमध्ये कप विसळायला लागली, तिथून एका हॉटेलात गेली. हॉटेलात तिने पहिल्यांदा कॉफीचं मोठं मशीन पाहिलं आणि घरी येऊन जेवता जेवता म्हणाली, “दादा, तो पण पंपच आहे रे. फक्त गरम.” त्या दिवसापासून ती त्या मशीनची झाली. आणि एक दिवस बोटीवर गेली. दादाने तिची बॅग धक्क्यापर्यंत खांद्यावरून नेली, परत आला आणि दुकान उघडून नुसताच बसून राहिला.

बोटीच्या कंपनीचा नियम असा, की खोल्या रिकाम्या असल्या तर कामावरच्या माणसाने घरच्यांना एका फेरीला आणावं. धाकटीने दादाला आणि वहिनीला बोलावलं. दादाचा बेत पक्का होता. आधी तिच्या हातची कॉफी प्यायची आणि कप खाली ठेवता ठेवता सांगायचं, चल, बोर्ड तयार आहे. वहिनी बॅग भरताना एवढंच म्हणाली, “तिला विचारलंत का एकदा?”

“विचारायचं काय त्यात? बहीण आहे माझी.”

“बोर्डाची घडी होत नाही,” वहिनी म्हणाली, “नाहीतर तोही भरला असता तुम्ही.”

बोटीवर पाय ठेवला आणि दादा वर बघत जिने चढायला लागला. चार मजले चढून गेला तरी वर आणखी मजले होतेच. जिने पितळी कठड्यांचे, आणि कठडे असे पुसलेले की त्यात आपलं तोंड लांबट होऊन दिसावं. रात्री अंथरुणावर पडलं की पाठीखालून कुठूनतरी खोलवरून इंजिनाची घरघर यायची, आणि दादा वहिनीला म्हणायचा, केवढं असेल ते, ऐक, केवढं असेल. त्याला सगळ्यात जास्त कशाचं आश्चर्य वाटलं असेल तर पाण्याचं. धाकटीनेच सांगितलं, की बोट समुद्राचंच पाणी तापवून, त्याची वाफ गोळा करून गोडं पाणी बनवते. पण ते इतकं कोरं असतं की त्याला चवच नसते, म्हणून मग ते खनिजाच्या खड्यांवरून फिरवतात, तेव्हा कुठे त्याला पाण्याची चव येते. जन्मभर पाणी उपसण्याच्या धंद्यात काढलेला दादा कठड्याला टेकून खाली बघत राहिला. सगळीकडे पाणी, नजर पोचेल तिथपर्यंत, आणि त्यातलंच त्याच्या पेल्यात.

पण कॉफी काही मिळेना.

पहिल्या सकाळी तो धाकटीच्या काउंटरवर गेला तर समोर ही रांग. दादा सरळ पुढे गेला. धाकटी पांढरा शर्ट, काळा एप्रन घालून दूध फेसाळत होती. तिने मान वर केली, हसली, डोळे अगदी घरचे झाले, आणि म्हणाली, “दादा, रांगेत.”

दादाला वाटलं, मस्करी करते.

“खरंच रांगेत. घरच्यांना आधी दिलं तर मला बोलणी बसतात.”

आता दादा गल्लीत कुणाच्याही रांगेत उभा राहिला असता. पण जिला कडेवर घेऊन फिरवलं, तिच्यासमोर रांगेत उभं राहायचं? तो तसाच मागे फिरला.

त्या दिवसापासून दादाचे हाल सुरू झाले. जेवणाच्या मोठ्या दालनात स्टीलच्या उंच पिंपाला नळ लावलेला होता. त्यातली कॉफी पहाटेपासून उकळून उकळून दमलेली असायची. दादा एक घोट घेऊन म्हणाला, जुन्या टाकीच्या तळाचं पाणी बरं. दुसरीकडे पांढऱ्या हातमोज्यातल्या माणसाने चांदीच्या किटलीतून ओतली. दिसायला राजेशाही आणि प्यायला कोमट. वहिनीने घरून पुडी आणि गाळणी आणली होती, पण खोलीत शेगडी-किटली लावायला मनाई. वहिनी मात्र रोज धाकटीच्या रांगेत उभी राहायची, कॉफी घेऊन दादाच्या शेजारी येऊन बसायची आणि सावकाश प्यायची. दादा दुसरीकडे बघायचा, पण वास काही दुसरीकडे जात नव्हता. एकदा तिने कप पुढे केला तर म्हणाला, उष्टी नको. वहिनी म्हणाली, “लग्नाला इतकी वर्षं झाली, आज सोवळं आठवलं.”

फेरी संपत आली. कॉफी नाही तर बोलणं नाही, आणि बोलणं नाही तर बोर्ड वाया.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी काउंटर धुण्यापुसण्यासाठी बंद होता. धाकटीनेच दादाला आत बोलावलं, स्टूल दिलं. मशीन धुऊन ठेवलंय, संध्याकाळी तरी रांगेत ये, असं म्हणून ती खालून दूध आणायला गेली. दादा एकटाच त्या मशीनसमोर बसला. काय चीज होती ती. भलीमोठी, चकचकीत, घड्याळासारखे काटे लावलेली, शेजारी बिया दळायची चक्की, आणि दोन्ही एकाच जाड पत्र्यावर बसवलेली. दादाने सवयीने तळहात ठेवला. मशीन थरथरत होतं. खाली वाकून बघतो तर पत्रा रबराच्या जाड चकत्यांवर, आणि नटबोल्ट ढिले. चक्क ढिले.

इतक्या मोठ्या बोटीवर कुणाचं लक्ष नाही? पंपाचा पाया सैल राहिला की पंप स्वतःला खातो, हे तो रोज गिऱ्हाइकांना सांगायचा. खालच्या खणात पाना होताच. त्याने चारी कोपरे आवळले, आणि शेवटी, त्याची पद्धत, आणखी अर्धा आटा जास्त. रबर चपटं झालं. मशीन आता खडकासारखं उभं होतं. तिला सांगायचंही नाही असं त्याने ठरवलं. संध्याकाळी तिचं तिलाच कळेल, आणि मग बोलायला किती सोपं जाईल.

संध्याकाळी समुद्र थोडा उठला होता. फार नाही, कपातला चमचा आपोआप वाजेल एवढाच. दादा खांबाआडून बघत होता. रांगेत सगळ्यात पुढे काळ्या चष्म्याच्या एक आजी, त्यांच्यामागे वहिनी, तिच्यामागे लोकच लोक. धाकटीने पहिला कप काढला, नाकाशी नेला आणि मोरीत ओतला. दुसरा काढला. तोही ओतला. चक्कीतून भुकटी कधी जास्त पडत होती, कधी कमी. दाबून बसवलेली भुकटी बोटीच्या थरथरीने एका बाजूला बसत होती, पाणी नेमकं दुसऱ्या बाजूने पळत होतं आणि कॉफी पातळ, फिकट उतरत होती. हे दादाला नंतर कळलं. तेव्हा त्याला एवढंच दिसलं की त्याची बहीण कपामागून कप मोरीत ओततेय आणि तिच्या कपाळावर घाम आलाय.

एक साहेब आला, खांद्यावर सोनेरी पट्ट्या. हळू आवाजात म्हणाला, की हा काउंटर बंद करू, लोकांना पिंपाकडे पाठवू. धाकटी म्हणाली, “थोडं थांबा.”

तिने सगळं बंद केलं आणि मशीनवर तळहात ठेवला. डोळे मिटले. इतक्या गर्दीत, इतक्या आवाजात ती तशी उभी राहिली, जशी दप्तर फेकून दुकानात उभी राहायची. मग ती खाली वाकली, एका बोल्टला बोट लावलं, आणि तशीच वाकून राहिली. उठली तेव्हा तिची नजर रांग ओलांडून नेमकी खांबापाशी आली.

“दादा, तू हात लावलास?”

दादा पुढे आला. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर बोलायला काही ना काही असायचं, पण तोंडातून निघालं एवढंच, “हलत होतं गं.”

“त्याला हलूच द्यायचं असतं. आपल्याकडे जमीन स्थिर असते, म्हणून पंप घट्ट. इथे जमीनच हलते.” तिचा आवाज चढला नव्हता. “तुझा तो अर्धा आटा कळला मला. दुसरं कुणी इतकं आवळत नाही.”

तिने पाना घेतला. एका हाताने बोल्ट सोडायचा, दुसरा हात मशीनच्या अंगावर. थोडं सोडायचं, थांबायचं, ऐकायचं. एका कोपऱ्यावर तिने पुन्हा किंचित आवळलं आणि परत सोडलं, जणू रडणारं मूल मांडीवर कसं ठेवलं तर शांत होईल ते बघतेय. दादा बघत होता. हाताने ऐकायचं त्याने शिकवलं होतं खरं. पण त्याने ऐकला होता एक पंप. धाकटी मशीन ऐकत होती, मशीनखालची बोट ऐकत होती, आणि बोटीखालचा तो सगळा समुद्र. कडेवर असताना ही इतकीशी होती.

आणि आणखी एक गोष्ट त्याला तेव्हा दिसली. रांगेतलं कुणीही हललं नव्हतं. पिंपाचं दालन चार पावलांवर होतं, साहेब हाताने दाखवतही होता. काळ्या चष्म्याच्या आजी दादाकडे वळून म्हणाल्या, “माझाही कप ओतला तिने. म्हणून तर मी थांबलेय. ओतायला धीर लागतो हो.”

मशीन परत सुरू झालं. पहिला कप आजींचा. त्यांनी घोट घेतला, चष्मा काढला, पुसला आणि कप घेऊन खुर्चीकडे गेल्या. साहेबाने दाखवणारा हात खाली घेतला आणि तोही रांगेत जाऊन उभा राहिला.

दादाने रांगेचं टोक शोधलं. ते पार जिन्यापाशी होतं. तो तिथे गेला आणि साहेबाच्या मागे उभा राहिला. वहिनी आपला कप घेऊन त्याच्या शेजारून गेली आणि म्हणाली, “पाय दुखले तर सांगा, स्टूल आणते.” दादा हसला सुद्धा नाही. तो मोजून मापून पुढे सरकत होता, पुढच्या माणसाच्या टाचांना पाय लागणार नाही असा.

त्याची पाळी आली तेव्हा खिडकीबाहेर पाणी तांबूस झालं होतं. धाकटीने कप पुसला, बशीवर ठेवला, आणि इतर सगळ्यांना विचारायची तसंच विचारलं, “साखर?”

“तुला जशी योग्य वाटेल तशी.”

तिने घातली नाही. कप छोटासा, दादाच्या मुठीत मावेल एवढा. वर सोनेरी तपकिरी साय. पहिल्या घोटाला कडू लागलं, आणि मग कडू मागे सरलं आणि त्याच्याआतून काहीतरी उलगडत गेलं, भाजलेलं, गोडसर, लांब. गोडं पाणी, वाफ, खडे, तो खालचा अवाढव्य घरघराट, सगळं मिळून हा एवढासा घोट झाला होता, आणि मध्ये हिचा हात. त्याने दुसरा घोट लगेच घेतला नाही. घेतला तर संपला असता.

मागे लोक होते. धाकटी पुढे वाकून हळूच म्हणाली, “बोल ना. वहिनीने सांगितलंय मला बोर्डाचं. रोज वाट बघतेय, कधी बोलतोस आणि मी काय उत्तर देऊ.”

म्हणजे तिचीही झोप उडाली होती तर. दादाने तिच्याकडे बघितलं, तिच्यामागच्या हळूहळू डोलणाऱ्या मशीनकडे बघितलं.

“कप लहान आहेत तुमचे,” तो म्हणाला. “बाकी ठीक.”

धाकटीने एप्रनच्या कोपऱ्याने पटकन डोळे टिपले आणि त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाली, “पुढचे या.”

बोर्ड वाया गेला नाही. तो गाळ्यावर लागला, अगदी मधोमध. आत दादा जुने पंप ठेवतो. नवीन गिऱ्हाईक बोर्ड वाचून आत डोकावतं, मोटारी बघून गोंधळतं आणि दादाला विचारतं, कॉफी कुठे मिळते? दादा पाना खाली ठेवतो, हात पुसतो.

“समुद्रात,” तो सांगतो. “पण रांगेत उभं राहावं लागतं. मी पण राहिलोय.”