दाताखालचा भराव

आमच्या गल्लीतल्या चाळणीमामांनी माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली. एकावर एक रचलेल्या चाळण्या हलवून खडी वेगळी, वाळू वेगळी करायची. त्याहून बारीक काही उरलं की मामा चिमूटभर दाताखाली धरत. कचकचलं तर गाळ, लोण्यासारखं सरकलं तर चिकणमाती. यंत्राचा निकाल दुसऱ्या दिवशी यायचा, मामांचा थुंकता थुंकता. बायको नाक मुरडायची. मामांना मात्र मातीची कधीच घाण वाटली नाही. किळस यायची ती माणसांची, बोट चाटून कागद उलटणाऱ्यांची.

त्यांच्या धाकट्या बहिणीने अकरा वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढली होती. आता मेव्हण्याने प्लॉट पसंत केला होता आणि उद्या खरेदीखत होतं. मामांनी ‘जमीन चांगली’ म्हणायचं तेवढं बाकी होतं.

प्लॉटवर वरचा मुरूम लालचुटुक, घट्ट. दलाल अत्तरात बुडून आलेला, त्यामुळे मामांचं नाक कामातून गेलेलं. त्यांनी कोपरभर खणलं. खाली काहीतरी काळं, मऊ लागलं. सवयीने चिमूट दाताखाली गेली.

कचकचेना, सरकेना. दातात अडकला तो केस. त्यामागून प्लास्टिकची चिंधी.

मामा तिथेच ओकले.

“उकिरडा होता पूर्वी,” दलाल हसत म्हणाला. “पण वर मुरूम कसा झकास टाकलाय!”

मेव्हण्याने मामांना बाजूला ओढलं. “दादा, वरच्या मुरमाचंच सांगा हो तिला. तिने घराचे पडदेसुद्धा आत्ताच शिवायला टाकलेत.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

मेव्हणा बुटाच्या टोकाने उकरलेलं पुन्हा खड्ड्यात लोटू लागला. मामा पुन्हा थुंकले आणि त्यांनी मूठभर काळं नमुन्याच्या पिशवीत भरलं.

बहिणीच्या घरी मामांनी आधी मोरीत चार चुळा भरल्या.

“दादा, कशी आहे रे जमीन?”

मामांनी ती पिशवी तिच्या हातात दिली. “जमीन नाही, भराव आहे. कचऱ्याचा. वर्षभरात भिंती तडकतील.”

तिने पिशवी उघडून हुंगली, आणि तोंड असं केलं की मेव्हणा दाराकडे सरकला.

“यावर निजवणार होतात मला?”

“अगं, वरून मुरूम—”

“ही जिथली तिथे टाकून या. त्या दलालाला नाही म्हणून या. मग घरात पाऊल टाका.”

मेव्हणा पिशवी दोन बोटांत लांब धरून जिना उतरला. बहीण साबण घेऊन कोपरापर्यंत हात घासत बसली. मामा तिच्या मागे उभे, पाचव्या चुळेसाठी.