बुलबुल आणि दोन मीटर

काळाचौकीच्या त्या चाळीत विजेच्या बाबतीत राजरत्न यांचा शब्द शेवटचा. पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेक्निशियन होते. निरोपाच्या वेळी शाल-श्रीफळ नको म्हणून त्यांनी आधीच बजावलं होतं, तेव्हा सहकाऱ्यांनी काट्याचा एक जुना मीटर दिला. तेव्हापासून पंखा असो की शेजाऱ्याची इस्त्री, राजरत्न मीटर लावत, काटा बघत आणि निकाल देत. काट्यापुढे कोणाचं काही चालत नसे, कौसल्याबाईंचं तर नाहीच.

कौसल्याबाई म्हणजे त्यांची बायको आणि मायाच्या गायनपार्टीतल्या बुलबुलवाल्या. बुलबुल हे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारवाद्य. एका हाताने बटणं दाबायची, दुसऱ्याने तारा छेडायच्या. भीमगीतांच्या साथीला बाईंनी ते अडतीस वर्षं वाजवलं. आता बोटांत जोर राहिला नाही आणि पार्टीत कीबोर्ड आला. गेल्या दोन कार्यक्रमांत बुलबुल कोणाला ऐकूच गेला नाही. माया गोड बोलणारी, पण तिने विषय काढलाच. "काकू, या रविवारी विहारातल्या प्रोग्रामला तुम्ही जरा आराम करा ना." आराम म्हणजे काय ते कौसल्याबाईंना बरोबर कळलं. दोन दिवस त्या धड जेवल्या नाहीत.

राजरत्नांना राग आला, आणि राग आला की ते सोल्डरिंग आयर्न तापवत. त्यांनी मायाला फोन केला. "शनिवार संध्याकाळपर्यंत बुलबुलला पिकअप बसवतो, म्हणजे तो स्पीकरमधून ऐकू येईल."

"काका, तुम्ही हो म्हणालात की काकूंची जागा पक्की," माया म्हणाली.

मग त्यांनी गजराच्या घड्याळात असते तसली एक पितळी चकती बुलबुलच्या लाकडाला चिकटवली. लाकूड थरथरलं की चकती इवलीशी वीज देते. ती वायर थेट अँप्लिफायरला जोडली तर आवाज आला पत्र्याच्या डब्यासारखा. याचं कारण त्यांना ठाऊक होतं. चकतीची वीज थेंबभर आणि अँप्लिफायर तहानलेला. तो ओढायला लागला की आधी खालचे, भरदार स्वर जातात. मध्ये असा ट्रान्झिस्टर हवा, जो चकतीकडून जवळजवळ काहीच घेणार नाही. यालाच हाय इम्पीडन्स म्हणायचं. कागदावर सगळं सोपं होतं. नऊ व्होल्टची बॅटरी, सत्तेचाळीस लाख ओहमचे दोन सारखे रेझिस्टर, म्हणजे त्यांच्या मधोमध बरोबर साडेचार व्होल्ट.

काटा अर्ध्या व्होल्टलासुद्धा पोचेना.

राजरत्नांनी ट्रान्झिस्टर बदलला. काटा तिथेच. रेझिस्टर बदलले, बॅटरी बदलली, सर्किटची पट्टी स्पिरिटने पुसली, सगळं उपसून नव्याने जोडलं. काटा तिथेच! शनिवारी सकाळी त्यांनी खालच्या भिवा इलेक्ट्रिशियनकडून आकड्यांचा नवा मीटर आणला. त्याने दाखवले तीन पूर्णांक सहा. आता मात्र राजरत्नांचं डोकं चालेना. एकाच जागी दोन मीटर दोन उत्तरं देत होते आणि कागद तिसरंच सांगत होता. ते चहा प्यायला विसरले, मग प्यायला की नाही तेही आठवेना.

"वाजव जरा," ते म्हणाले आणि काट्याच्या मीटरची टोकं लावून बसले. कौसल्याबाईंनी दोन ओळी वाजवल्या. तोच डबा.

"गेलं. यातही फॉल्ट आहे."

"अहो, तुम्ही ते टोचलंत की आवाज पातळ होतो," कौसल्याबाई म्हणाल्या. "मघाशी टोचलं नव्हतं तेव्हा बरा होता. काढा की ते."

"मीटरने आवाज कसा जाईल? काहीतरीच!"

पण त्यांनी टोकं काढली. खोलीत एकदम भरदार स्वर घुमला. परत लावली, परत डबा. असं पाच वेळा केलं आणि मग ते खुर्चीत मागे टेकले. मीटरसुद्धा पितो! एक्स्चेंजच्या दणकट लाइनींना त्याच्या घोटभर पिण्याचं काही वाटत नसे. इथे मुळात होतं थेंबभर, त्यात नवा मीटर थोडं पीत होता आणि त्यांचा लाडका जुना जवळपास सगळंच. इतके दिवस त्यांनी धडधाकट सर्किटं मोडून ठेवली होती.

आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी ते आणखीच गोंधळले. मीटर लावायचा नाही, तर बरोबर आहे हे ठरवायचं कोणी?

"तूच सांग. तुझ्या बुलबुलसारखा येतोय का?"

"मला कसं कळणार? माझ्या कानाशी लाकूडच वाजतं. स्पीकरचं तुम्ही सांगायचं."

 अडतीस वर्षं प्रत्येक कार्यक्रमाला राजरत्न अँप्लिफायरजवळ बसले होते, डोळे त्याच्या काट्यावर, कान घरघर शोधण्यात. बायकोचा बुलबुल कसा वाजतो, हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"वायर काढतो," ते हळूच म्हणाले. "नुसतं वाजव."

कौसल्याबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि वाजवायला घेतलं. शेवटच्या स्वरावर त्या बटण सोडता सोडता जरासं थरथरवत होत्या, जणू स्वराला जावंसं वाटत नाही. राजरत्नांनी वायर जोडून तेच पुन्हा वाजवायला लावलं. ती थरथर स्पीकरमधून जशीच्या तशी आली.

"हे तू नेहमी असंच वाजवतेस? घरी कधी ऐकलं नाही."

"तुम्ही बाहेर गेलात की वाजवते," कौसल्याबाई सहज म्हणाल्या. "तुम्ही असलात की मध्येच थांबवता."

राजरत्नांनी सोल्डरिंग आयर्न बंद केलं. मग त्यांनी मायाला फोन लावला.

"हो. काकूंची जागा ठेव. आणि अँप्लिफायरपाशी दुसरं कोणीतरी बसव. मी समोर बसणार आहे, लोकांत."

"का हो काका? बरं नाही का तुम्हाला?"

"बरा आहे," राजरत्न म्हणाले. "मला ऐकायचंय."